छत्तीस सह्या आणि एक गालिचा

पहिल्या भेटीत घरमालकीण कीरियांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. दार उघडलं, माझ्या कुर्त्याचं टोक दोन बोटांत धरलं, उलटं केलं, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाल्या, "मशीन."

"नाही हो," मी म्हटलं. "हातमागाचा आहे. आत शिक्का आहे."

"शिक्कापण मशीनचा." त्यांनी टोक सोडून दिलं. "हाताने विणलं की संध्याकाळी माणूस दमतो, ते काठात दिसतं. हा काठ दमलेला नाही. ये आत."

तोच कुर्ता घालून मी 'हातमाग वाचवा' या विषयावर तीन भाषणं केली होती. एका भाषणात तर कुर्ता चिमटीत धरून श्रोत्यांना दाखवलाही होता. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका दारात, हातात सुटकेस असताना, माझी तिन्ही भाषणं रद्द झाली.

मी सोलापूरची. आमच्या गल्लीत दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट चालायचा आणि त्या खडखडाटावर मी कॉलेजात असताना सात-आठ पत्रकं लिहिली होती. कामगारांच्या बाजूने, आवाजाच्या विरोधात, रंगाचं पाणी नाल्यात सोडण्याच्या विरोधात. माग मात्र मी कधी हातात धरला नव्हता. पत्रक लिहायला तो धरावा लागत नाही. पाण्याचा हक्क हा माझा खास विषय. मोर्चात मी सगळ्यांत पुढे असायचे, कारण घोषणा मीच लिहिलेल्या असायच्या आणि बाकीच्यांना त्या पाठ नसायच्या. मग या लढाऊ मुलीने एका बड्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी धरली आणि कंपनीच्या तिकिटावर इंग्लंडला आली. मी चोवीस वर्षांची होते. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर माझं मत होतं, आणि ते एका कागदावर, पाठपोट, छापून मिळत असे.

कीरिया म्हणजे ग्रीकमध्ये बाई. नुसतं नाव घेतलेलं त्यांना चालत नसे, आणि मलाही ते इथे घ्यायचं नाही. उत्तर ग्रीसमधल्या डोंगरातल्या एका खेड्यातून लग्न होऊन त्या इंग्लंडला आल्या, तीस वर्षं एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुतल्या, नवरा गेला, निवृत्त झाल्या आणि वरच्या दोन खोल्या भाड्याने देऊ लागल्या. एका खोलीत मी. दुसरीत निखिल. हा लंडनमधल्या हॅरोचा, म्हणजे तिथेच जन्मलेला. आईवडील दोघं डॉक्टर. त्याचं मराठी घरातल्या घरात वाढलेलं होतं आणि त्यात लिंगांचा हिशोब नव्हता. "माझा मम्मी म्हणते तुझी मराठी खूप चांगला आहे," असं तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला. त्याच्याकडे गाडी होती, त्यामुळे मी त्याला काही बोलत नसे.

खालच्या पुढच्या खोलीत, जिथे इतर घरांत सोफा असतो, तिथे माग होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्याच्याखालून वाकून गेल्याशिवाय खिडकी उघडता येत नसे. टीव्ही होता, पण त्याच्यावर लोकरीच्या लड्या वाळत असत. त्या वर्षी अथेन्सला ऑलिम्पिक भरलं होतं. मला वाटलं, बाईंना पाहायचं असेल, म्हणून मी लड्या बाजूला केल्या. कीरिया पाच मिनिटं उभ्याने उद्घाटन सोहळा पाहत राहिल्या. पडद्यावर पांढऱ्या झुळझुळीत कपड्यांतली माणसं चालत होती. "मशीन," म्हणाल्या आणि लड्या परत टाकल्या.

कापड उलटं करून पाहायची त्यांची सवय कुठेही सुटत नसे. बसमधल्या सीटचं कापड, बँकेतला पडदा, चर्चमधल्या पाद्रीबुवांच्या झग्याची बाही. पाद्रीबुवा आशीर्वाद देत असायचे आणि ह्या बाही तपासत असायच्या. एकदा निखिलची आई हॅरोहून त्याला भेटायला आली. कुठल्यातरी मुंजीला जायचं होतं म्हणून पैठणी नेसली होती. कीरिया सरळ गुडघ्यांवर बसल्या आणि पदर उलटा केला.

"अगं बाई! ह्या काय करतायत?" काकू मागे सरकल्या. "निखिल, सांग ना त्यांना, पिना आहेत तिथे!"

"मम्मी, रिलॅक्स. ती सगळ्यांना असंच करतो."

पैठणीचा पदर आतून-बाहेरून एकसारखा. कीरियांनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला, पुन्हा पुढून पाहिला. मग पदर नीट काकूंच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "यात दोन बायकांचे डोळे गेले." काकूंना ते कौतुक वाटलं. मला तो आरोप वाटला, आणि मी तिथल्या तिथे विणकरांच्या आरोग्यावर बोलू लागले. काकू मुंजीला उशिरा पोचल्या.

मंगळवारी कीरिया कुठलीच नवी गोष्ट सुरू करत नसत. त्यांच्याकडे मंगळवार वाईट. मी नेमकी मंगळवारी उगवले होते, त्यामुळे त्या दिवशी भाडेकरू व्हायला मला बंदी. मी एक दिवस पाहुणी झाले, मसुरीचं सूप आणि ऑलिव्ह खाल्ले, आणि बुधवारी सकाळी कागदावर सही केली. अंधश्रद्धेवर माझं एक जुनं पत्रक होतं, त्यातले मुद्दे मी त्यांना ऐकवले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मंगळवारी सुरू केलं नाही म्हणून माझं काय अडलं? अजून सहा वार आहेत. तुझं पत्रक कुठल्या वारी लिहिलं होतंस?"

मला आठवेना.

"मग कसं कळणार ते का चाललं नाही?"

चांगली गोष्ट दिसली की तिला दृष्ट लागू नये म्हणून त्या तिच्यावर तीनदा थुंकल्यासारखं करत. माझ्या नव्या लॅपटॉपवर, शेजारणीच्या बाळावर, निखिलच्या गाडीवर. "कीरिया, प्लीज, विंडस्क्रीन!" असं तो ओरडायचा. खरं थुंकत नसत. पण त्यांची कवळी सैल होती.

पहिल्या दोन महिन्यांतच मी ठरवलं की ही बाई म्हणजे एक मरती कला आहे आणि जगाचं तिच्याकडे लक्ष नाही. त्यांना न विचारता मी इंग्रजीत एक पत्रक लिहिलं. मथळा होता, 'शेवटची विणकर'. त्यात पहिल्याच वाक्यात यंत्रयुगाचा निषेध होता. ऑफिसच्या यंत्रावर दोनशे प्रती काढल्या आणि लायब्ररीत, चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे ठेवून आले. चौथ्या दिवशी कीरियांनी स्वयंपाकघराच्या टेबलावर एक प्रत माझ्यासमोर आपटली.

"शेवटची कोण?"

"तुम्ही."

"माझ्या गावात अजून सातजणी विणतात. सगळ्यांची नावं सांगू? त्या सातांना तू मारून टाकलंस." बोट दुसऱ्या ओळीवर गेलं. "आणि हे काय? 'लहानपणापासून मागावर प्रेम'? मला माग आवडत नसे. आई धोट्याने बोटांवर मारायची. मला बसची तिकिटं फाडायची होती. कंडक्टर बाई पाहिली होती मी एकदा शहरात, चामड्याची पिशवी, टोपी!"

"मग तुम्ही आता का विणता?"

"आता मारायला आई नाही," त्या म्हणाल्या, जणू हे कुणालाही कळावं.

दोनशेपैकी एकशे ब्याऐंशी प्रती मी दारोदार फिरून परत आणल्या. दातांच्या डॉक्टरने विचारलं, त्या बाई खरंच गेल्या का?

आता गालिच्याबद्दल. कीरियांच्या नातीचं लग्न पुढच्या ईस्टरनंतर लीड्सला ठरलं होतं. नातीला त्यांना फ्लोकाती द्यायचा होता. फ्लोकाती म्हणजे पांढऱ्या लोकरीचा जाड गालिचा, मेंढीच्या पाठीसारखा केसाळ. त्यांच्याकडे मुलीच्या संसारात तो असायलाच हवा. त्यांच्या लेकीला दिला होता तो कीरियांच्या आईने विणला होता. उन्हाळाभर त्या मागावर बसल्या. ऑगस्टअखेर गालिचा मागावरून उतरला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि मनातून हबकले. तो भल्यामोठ्या पायपुसण्यासारखा दिसत होता. नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या.

"हा झाला नाही अजून," कीरिया म्हणाल्या. "माग फक्त अर्धा करतो. बाकीचा पाणी करतं."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावात डोंगरउतारावर, जमिनीत पुरलेला, फळ्याफळ्यांचा एक प्रचंड लाकडी रांजण आहे. ओढ्याचं पाणी उंचावरून पन्हळीने त्यात सोडतात. पाणी गरगर फिरत राहतं, गालिचा त्यात दीड-दोन दिवस घुसळला जातो, आणि लोकरीचा पीळ सुटून एकेक धागा फुलतो. साबण नाही, यंत्र नाही. पाणी नाही मिळालं तर आयुष्यभर पायपुसणं.

"मग पाठवून देऊ या की गावाला."

कीरियांनी हनुवटी वर केली आणि जिभेने 'च्च' केलं. ग्रीक लोकांचा नकार असा वर जातो. "रांजण माझ्या बहिणीचा आहे. धाकटी. अकरा वर्षं आम्ही बोलत नाही."

आधी आम्ही घरच्या घरी करून पाहिलं. कल्पना माझी. हातभर लांबीचा नमुन्याचा तुकडा होता, तो बाथटबमध्ये टाकला. भोवऱ्याचं भौतिकशास्त्र मी समजावून सांगत होते, शॉवरची नळी धरून कीरिया टबाच्या काठावर बसल्या होत्या आणि निखिल क्रिकेटच्या बॅटने पाणी ढवळत होता. "अजून जोरात!" मी म्हणत होते. स्वयंपाकघराचं छत खाली ठिबकू लागलं तेव्हा आम्ही थांबलो. तुकडा जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी तोच तुकडा मी गुपचूप लाँड्रोमॅटमध्ये नेला आणि गरम पाण्यावर फिरवला. तो आटून बुटाच्या तळव्याएवढा झाला आणि तितकाच कडक. तीस वर्षं लाँड्रीत काढलेल्या बाईंनी तो नुसता पाहिला, कात्रीने कडा सारख्या केल्या आणि निखिलच्या डाव्या बुटात घातला. त्याने तो दोन हिवाळे वापरला.

एवढ्यावर मी थांबले असते तर ही सगळी गोष्ट स्वयंपाकघराच्या छताची राहिली असती. पण एक प्रश्न मला सुटत नव्हता.

"रांजण बहिणीचा, ठीक," मी कीरियांना विचारलं. "पण ओढ्याचं पाणी? ते तर सगळ्यांचं ना?"

"ओढा तिच्या जागेतून येतो. पाणी तिचं."

झालं. एका व्यक्तीच्या ताब्यात गावाचं पाणी! इतके दिवस मी त्या बाईंच्या घरात राहत होते आणि माझा खास विषय माझ्यासमोर मागावर बसून लोकर ओढत होता.

"अगं, ती तिची सिस्टर आहे," निखिल म्हणाला. "फॅमिली मॅटर आहे. तू नको पडू मध्ये."

"प्रत्येक अन्यायाला आधी फॅमिली मॅटरच म्हणतात, निखिल."

"हो, पण कधी कधी ते फॅमिली मॅटरच असतो ना?"

मी त्याला राजकीयदृष्ट्या कच्चा ठरवलं आणि निवेदन लिहायला बसले. मराठी माणसाला अन्याय दिसला की त्याचे हात आपोआप 'प्रति' लिहितात. प्रति, अमुक बाई, अमुक गाव. विषय: नैसर्गिक जलस्रोतावरील खासगी मक्तेदारीबाबत. मागण्या तीन. रांजण सर्व विणकरांना खुला करावा. कीरियांच्या गालिच्याला प्राधान्य द्यावं. पंधरा दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा आंदोलनाची पुढील दिशा जाहीर केली जाईल. ब्रॅकनेलहून ग्रीक डोंगरातल्या ओढ्यावर आम्ही नक्की कसलं आंदोलन करणार होतो हे मी ठरवलं नव्हतं. ते कधीच ठरलेलं नसतं. पत्ता मिळाला तो एका लाकडी खोक्यावर. माग त्याच खोक्यातून गावाहून आला होता. आता आमच्या चपला त्यात असत. पाठवणाऱ्याचं नाव आणि गाव रंगाने लिहिलेलं होतं. मी ते उतरवून घेतलं. ते नाव बहिणीचं होतं, म्हणजे माग त्या बहिणीनेच पाठवला होता, यावर मी क्षणभरही विचार केला नाही. मला पत्ता हवा होता.

निवेदनाला सह्या लागतात. सप्टेंबरात हॅरोला एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी मंडळींचा गणपती होता. महाप्रसादाच्या रांगेत माणूस कुठे पळून जात नाही, म्हणून मी तिथे उभी राहिले.

"हे कशाबद्दल गं?"

"पाण्याबद्दल, काका."

"कौन्सिलचं का? आण, आण. आमच्याकडे पण मीटर बसवलाय मेल्यांनी."

दुसऱ्या एका आजोबांनी सही करताना विचारलं, "ग्रीस म्हणजे आपलंच ना ते, स्लाउ गावाच्या पुढचं?" एका मावशींनी मोदक डाव्या हातात घेऊन उजव्याने सही केली; त्या कागदावर तुपाचं बोट उमटलं. डॉक्टर लोकांच्या पाच सह्या वाचता येईनात म्हणून मी त्यांच्याखाली स्वच्छ अक्षरांत नावं लिहिली. एकूण छत्तीस. सोमवारी मी ते पाकीट रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि कीरियांना काही सांगितलं नाही. त्यांना आनंदाचा धक्का द्यायचा होता.

नोव्हेंबरातला रविवार. सकाळी मी पोहे करत होते. फोन वाजला, कीरियांनी घेतला आणि दोन शब्द ऐकून उभ्या राहिल्या. मग ओरडू लागल्या. ग्रीकमध्ये, छत हलेल अशा. पलीकडूनही कुणीतरी तितक्याच जोरात ओरडत होतं. ते आम्हाला स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होतं. मधूनच कीरियांच्या तोंडी ओळखीचं काहीतरी येऊ लागलं. "कुल-कार-नी?" त्या पलीकडे विचारत होत्या. "जा-ग-ताप?"

निखिल जिन्यावर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. "तू काय केलास?"

तासाभराने त्यांनी फोन ठेवला आणि मला हाक मारली. मी उलथनं हातात घेऊनच गेले.

"छत्तीस लोक," त्या म्हणाल्या. आवाज बसला होता. "माझ्या आईला माती द्यायला मी पोचले नाही, हे तू छत्तीस लोकांना सांगितलंस?"

"नाही! तसं त्यात काहीच नाहीये. त्यात फक्त पाण्याबद्दल आहे."

"पाण्याबद्दल? पाण्याबद्दल कोण भांडतंय?"

मी उलथनं पाठीमागे लपवलं. माझ्या आयुष्यात हा प्रसंग फार वेळा आलेला नाही.

त्या मागाच्या फळीवर बसल्या आणि एकदाच सगळं सांगितलं. आई आजारी असल्याचं बहिणीने कळवलं होतं. ह्यांनी लाँड्रीत रजा मागितली असती तर मिळाली असती. "मागितली नाही. वाटलं, ईस्टरला जाईनच. आई थांबेल." आई थांबली नाही. ह्या पोचल्या तेव्हा तीन दिवस झाले होते. बहीण दारात उभी होती. एकच वाक्य बोलली, "तुझ्या वाटणीचं रडून झालंय." त्यानंतर बोलणं संपलं. आईने जाताना माग थोरलीला दिला होता आणि रांजण धाकटीला. बहिणीने माग सुटा केला, एकेक लाकूड घोंगडीत गुंडाळलं, खोकं केलं, खिळे ठोकले आणि इंग्लंडला पाठवून दिला. सोबत चिठ्ठी नाही. ह्यांनीही पोचल्याचं कळवलं नाही.

"आई हुशार होती," कीरिया म्हणाल्या. "एकीला माग, एकीला पाणी. म्हणजे एकीचं दुसरीवाचून अडणार. अडलं की बोलतील. आणि मी काय केलं? अकरा वर्षं पिशव्या विणल्या. पिशवीला पाणी लागत नाही."

"मग हा गालिचा सुरू कशाला केलात?"

मागच्या तीन महिन्यांत विचारायला हवा होता तो हा प्रश्न, आणि मी तो निवेदन पाठवल्यावर विचारत होते. स्वयंपाकघरातून पोहे लागल्याचा वास आला.

गावात काय झालं ते नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. निवेदन इंग्रजीत, आणि बहिणीला इंग्रजी येत नव्हतं. तिने पाकीट शाळामास्तरांना दिलं, मास्तरांनी ते कॉफीच्या दुकानात उभं राहून मोठ्याने वाचलं, छत्तीस नावांसकट. गावाला वाटलं, लंडनच्या कोर्टाची नोटीस आली. बहीण फोनवर पहिलं वाक्य बोलली ते असं, "तुझ्या घरात ती वेडी पोरगी कोण आहे?" कीरिया म्हणाल्या, भाडेकरू. बहीण म्हणाली, हाकलून दे. मग अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी एका गोष्टीवर सहमत झाल्या, आणि तासातली पंचवीस मिनिटं फक्त माझ्यावर गेली. मी आजवर कितीतरी मोर्चे काढले, निवेदनं दिली. दोन बाजू एकत्र आल्या त्या एवढ्या एकाच वेळी, आणि त्या माझ्या विरोधात आल्या. शेवटी बहीण म्हणाली, "पाठव." बस, एवढंच.

ग्रीक किराणा आणणारा एक ट्रक उत्तर लंडनहून रिकामा परत जायचा, त्यातून गालिचा गेला. जानेवारीत आला. निखिलने दोऱ्या कापल्या आणि आम्ही दोघं एकदमच ओरडलो. खोलीभर पांढराशुभ्र, दाट, मऊ. पाऊल ठेवलं की घोट्यापर्यंत बुडत होतं.

"वॉव," निखिल म्हणाला. "ही गालिचा किती सुंदर झाला!"

कीरियांनी वरून हात फिरवला नाही. मनगटापर्यंत आत घातला. बोटांनी बुडाशी काहीतरी चाचपलं. "अर्धा दिवस कमी."

"कुठे? मला तर काहीच—"

त्यांनी माझा हात धरून आत खुपसला. अगदी मुळाशी, जिथे दिसत नाही तिथे, धाग्याचा पीळ अजून तसाच होता. बोटांना बारीक दोरीसारखा लागत होता. वर्षभरात ही लोकर मऊ पडून चपटी होईल, त्या म्हणाल्या. फुललेली राहणार नाही.

"चुकून झालं असेल."

"ती पन्नास वर्षं रांजण बघतेय. चुकून?"

"म्हणजे मुद्दाम!" मी पेटले. "ही तर सरळ फसवणूक आहे! वीस किलोंची वस्तू, एवढा प्रवास, आणि मुद्दाम अर्धवट! तुम्ही आता तिला लेखी—"

"तू पेनाला हात लावलास," कीरिया म्हणाल्या, "तर तुझा हात मी मागात घालीन."

दोन दिवस त्या त्या गालिच्याभोवती फिरत होत्या. चहा तिथेच उभ्याने प्यायच्या. मला वाटत होतं, त्या चिडल्यात. मी जिन्यावरून जाता-येता चेहऱ्यावर सहानुभूती ठेवून होते. तिसऱ्या दिवशी निखिल ऑफिसला निघाला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं.

"विमानात गालिचा नेऊ देतात?"

"हां, चेक-इन करायची. का?"

"अर्धा दिवस तिने माझ्यासाठी ठेवलाय," कीरिया म्हणाल्या. निखिलला एका क्षणात कळलं. मला निखिलने गाडीत समजावून सांगितल्यावर कळलं.

फेब्रुवारीत आम्ही त्यांना हीथ्रोला सोडायला गेलो. वळकटी करून दोऱ्यांनी आवळलेला गालिचा निखिलच्या खांद्यावर, त्यांची जुनी सुटकेस माझ्या हातात. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही काट्यावर ठेवायला सांगितलं आणि मान हलवली. वजन जास्त होत होतं. बरंच. एक तर सामान कमी करा, म्हणाली, नाहीतर रांगेतून बाजूला व्हा. मी विमान कंपन्यांच्या नियमांविषयी बोलायला तोंड उघडलं. निखिलने माझ्या पायावर पाय दिला.

कीरियांनी सुटकेस जमिनीवर उघडली आणि एकेक वस्तू काढून माझ्या हातांवर ठेवू लागल्या. काळा स्कर्ट. दुसरा काळा स्कर्ट. दोन स्वेटर, लोकरीचे मोजे, सपाता, झोपायचा गाऊन. मागची रांग पाहत होती. सुटकेस रिकामी झाली तेव्हा मुलीने काट्याकडे पाहून अंगठा वर केला, आणि गालिचा एकटा पट्ट्यावरून आत गेला.

"कीरिया," मी त्या ढिगाच्या वरून म्हटलं, "तिकडे डोंगरात बर्फ असेल. तुम्ही घालणार काय?"

"तिचे घालीन. आमचं माप एकच आहे."

"अकरा वर्षांपूर्वी होतं," मी म्हटलं. मला अजूनही राहवत नाही.

त्यांनी रिकामी सुटकेस मिटली, खटके लावले आणि निखिलच्या हातात दिली.

"मग दोघींचं बदललं असेल," त्या म्हणाल्या, आणि पासपोर्ट काढून रांगेला लागल्या.